'झुंड': विमान परत येतं तेव्हा

नागराज मंजुळेंचा 'झुंड' ४ मार्च २०२२ रोजी थिएटरमध्ये आला. तेव्हा बहुतेक चर्चा दोनच गोष्टींची झाली. एक, अमिताभ बच्चन डॉ. आंबेडकरांच्या तसबिरीपुढे हात जोडून उभे राहतात. दुसरी, सिनेमा जवळपास तीन तासांचा आहे. पहिली गोष्ट महत्त्वाची होतीच, आणि दुसरीबद्दलची तक्रारही काही खोटी नाही. पण या दोन्हींच्या गलक्यात ज्याच्यावर सिनेमा उभा आहे तो पोरगा थोडा मागे राहिला. अंकुश, म्हणजे वस्तीतला डॉन.

चेन ओढणारा, मालगाडीवरून कोळसा पाडणारा, खिशात ब्लेड बाळगणारा हा पोरगा. तो फुटबॉलला लागतो, सुधारतो, परदेशात खेळायला निघतो. एवढ्यावरून सिनेमा ओळखीचा वाटेल. पण 'झुंड' नीट पाहिलात तर लक्षात येतं, की डॉन सुधारतो का, या प्रश्नात मंजुळेंना फारसा रस नाही. ते काम अर्ध्या सिनेमात उरकतं. त्यांना रस आहे तो पुढच्या प्रश्नात: पोरगा बदलला, पण हे कोण मान्य करणार? पोलीस ठाणं, कोर्ट, पासपोर्टची खिडकी, कॉलेजची भिंत, जुना दुश्मन. प्रत्येकाकडे त्याचा एक जुना फोटो आहे आणि तो कुणीच बदलायला तयार नाही.

मराठी-हिंदी पडद्यावर सुधारणेच्या गोष्टी जुन्या आहेत. व्ही. शांतारामांचा 'दो आँखें बारह हाथ' १९५७चा. कथा गदिमांची, मागे औंध संस्थानातल्या स्वतंत्रपूरच्या खुल्या तुरुंगाचा प्रयोग. तिथे सहा कैदी आणि एक जेलर. कैदी बदलतात ते जेलरच्या नजरेच्या जोरावर, आणि शेवटी तो त्यांच्यासाठी जीव देतो. गोष्ट त्या एका मोठ्या माणसाची आहे. दुसऱ्या टोकाला जयवंत दळवींची 'चक्र'. त्यातल्या झोपडपट्टीतला बेनवा लुक्काकडे बघत मोठा होतो, आणि त्याला बाहेर काढणारं कुणी येत नाही. एकीकडे तारणहार, दुसरीकडे चक्रव्यूह. 'झुंड' या दोघांच्या मधे कुठेतरी उभा राहायचा प्रयत्न करतो. कधी जमतं, कधी नाही.

जमतं तिथे फार सुंदर जमतं. विजय बोराडे (बच्चन) पावसात प्लॅस्टिकचा डबा लाथाडणाऱ्या पोरांना बघतो. दुसऱ्या दिवशी फुटबॉल घेऊन येतो आणि अर्धा तास खेळलात तर पाचशे रुपये देतो म्हणतो. पोट्टे पैशासाठी खेळतात. रोज खेळतात. मग एक दिवस तो म्हणतो, आज पैसे नाहीत. आणि पोरं पैशाविना खेळतात. इथे उपदेशाचं एक वाक्य नाही, व्यसन वाईट असतं वगैरे नाही. आधी मजुरी, मग सवय, मग हक्क. ज्याने कुणी रिकाम्या पोरांसोबत थोडं जरी काम केलंय तो सांगेल, क्रम असाच असतो. पोरगा आधी वेळ देतो, मन नंतर देतो.

या प्रसंगाच्या मागे खरा माणूस आहे. विजय बारसे, नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजचे क्रीडा शिक्षक. पावसात फुटकी बादली लाथाडणारी मुलं त्यांनी पाहिली आणि २००१ साली झोपडपट्टीतल्या मुलांची स्पर्धा भरवली. पहिल्याच खेपेला १२८ संघ आले. त्यातून 'स्लम सॉकर' उभी राहिली. २०१६मध्ये तिला फिफाचा डायव्हर्सिटी अवॉर्ड मिळाला. नागपुरात राहून ही गोष्ट आपल्याला सिनेमा येईपर्यंत धड माहीत नव्हती, हे आपल्या शहराबद्दल बरंच काही सांगतं.

आता कळमन्याकडे येऊ, कारण मी हा सिनेमा तिथल्या नजरेने पाहतो. सिनेमात कळमना नाही, पण सिनेमातला पोरगा कळमन्यात आहे. शहराच्या ईशान्येला, नागपूरहून हावड्याकडे जाणाऱ्या लाइनवरचं हे स्टेशन. मालगाड्या सिग्नलला थांबतात, तासन् तास उभ्या राहतात. बाजूला पंडित जवाहरलाल नेहरू मार्केट यार्ड, म्हणजे सगळ्यांच्या तोंडचं कळमना मार्केट. मिरची, धान्य, कांदा-बटाटा, सीझनला संत्र्याचे ढीग. आजूबाजूला डिप्टी सिग्नल, मिनीमातानगर, पारडी, भरतवाडा. मिनीमाता म्हणजे छत्तीसगडच्या खासदार. वस्तीच्या नावावरूनच कळतं, की मजुरी शोधत माणसं कुठून आली. घरात छत्तीसगडी, गल्लीत नागपुरी हिंदी, शाळेत मराठी. 'झुंड'मधली पोरं जी खिचडी भाषा बोलतात ती पुण्या-मुंबईत 'गमतीशीर' वाटली असेल. इकडे ती फक्त भाषा आहे.

अशा जागी सोळा-सतरा वर्षांचा पोरगा लफड्यात कसा सापडतो, हे सांगायला समाजशास्त्र लागत नाही. थांबलेली गाडी, उघडा वॅगन, कोळसा विकत घेणारा माणूस दहा मिनिटांवर. 'झुंड'च्या सुरुवातीला हेच आहे आणि मंजुळे त्याला ना रोमांच चढवत, ना अश्रू. पोरं कामावर निघाल्यासारखी चोरीला निघतात. हा थंडपणा मला सिनेमातला सर्वांत खरा भाग वाटतो. 'गुन्हेगारी प्रवृत्ती' नावाची काही गोष्ट असते, हा भ्रम तिथेच संपतो. प्रवृत्ती कसली, शेजारी रेल्वे लाइन आहे बावा.

आणि लफड्यातून बाहेर पडायला हवं, तर? मार्केट समोरच आहे, हाताला काम आहे. पण परवानाधारक हमाल व्हायचं तर बाजार समितीचा परवाना लागतो, परवान्याला कागद लागतात. सिक्युरिटी गार्डला पोलीस व्हेरिफिकेशन. डिलिव्हरीच्या कामाला लायसन्स, आधार, बँक खातं आणि 'क्रिमिनल रेकॉर्ड चेक'. शहराच्या अर्थव्यवस्थेत आत शिरायचं प्रत्येक दार कागदाचं आहे. 'झुंड'चा उत्तरार्ध नेमका या दारांवर खर्च होतो, आणि म्हणूनच तो अनेकांना रेंगाळलेला वाटला. पासपोर्टसाठी रखडणं कुणाला बघायचं असतं? पण मंजुळे ते दाखवतातच. मोनिका (रिंकू राजगुरू) आणि तिचा बाप फक्त 'आम्ही आहोत' एवढं सिद्ध करायला या दारातून त्या दारात फिरतात. तिने तर काही चोरलेलंही नाही. तिची आणि डॉनची गोष्ट शेजारी ठेवून दिग्दर्शक जे म्हणतो ते कुठल्याही भाषणापेक्षा टोकदार आहे: कागदापुढे निरपराध मुलगी आणि गुन्हेगार मुलगा एकाच रांगेत उभे असतात.

डॉनची अडचण कायद्याच्या पुस्तकातली आहे. १९६७च्या पासपोर्ट कायद्यानुसार फौजदारी कोर्टात खटला चालू असलेल्या माणसाला पासपोर्ट नाकारता येतो. कोर्टाने परवानगी दिली तर वाट निघते. म्हणून खेळायला जायचं तर डॉनला आधी न्यायाधीशापुढे उभं राहावं लागतं. तो अठराच्या आत असता तर रस्ता वेगळा होता. २०१५चा बाल न्याय कायदा अशा मुलाला आरोपी म्हणत नाही. नागपूरच्या पेपरात 'विधिसंघर्षग्रस्त बालक' हा जो अवघड शब्द वाचता, तो तिथूनच आला. त्याची केस बाल न्याय मंडळापुढे चालते: एक न्यायदंडाधिकारी, दोन सामाजिक कार्यकर्ते, त्यातली किमान एक स्त्री. मोजके गंभीर गुन्हे सोडले तर केस संपल्यावर नोंद नष्ट करायची, कुठल्याही नोकरीला त्यामुळे अपात्र ठरवायचं नाही, आणि चारित्र्य दाखल्यासाठी पोलिसांनी जुनी भानगड उघड करायची नाही, असं तो कायदा सांगतो. 'नव्याने सुरुवात' हे तत्त्वच त्यात लिहून ठेवलंय. आपल्या कायद्यात इतकं माणुसकीचं कलम आहे हे बहुतेकांना ठाऊक नसतं. ज्याच्यासाठी ते आहे त्या पोरालाही नाही.

कागदावर नोंद नष्ट होते. गल्लीत होत नाही. पाटणकर चौकातल्या निरीक्षणगृहातून परत आलेल्या पोराला चौकातला पानठेलेवाला तेच जुनं नाव घेऊन हाक मारतो. 'झुंड'मधलं 'डॉन' हे नाव मला म्हणूनच विनोदी वाटत नाही. वस्ती त्याला प्रेमाने डॉन म्हणते, पोलीस संशयाने, आणि तो स्वतः? अंकुश गेडामचा चेहरा बघा. हे नाव त्याला आवडतंही आणि बोचतंही. या एका चेहऱ्यासाठी सिनेमा पुन्हा पाहावा. रस्त्यावरून उचललेल्या या नागपूरच्या पोराला २०२३मध्ये पदार्पणाचा फिल्मफेअर मिळाला. पुरस्कारांचं मला फार अप्रूप नाही, पण हा अगदी योग्य ठिकाणी गेला.

आता न जमलेलं. कोर्टात डॉनची बाजू मांडायला बोराडे उभा राहतो आणि बोलतो. बच्चनच ते, आवाज कोर्टाच्या छताला लागतो. भाषणात चुकीचं काही नाही. पण पोरगा मागे उभा आहे, गप्प. इतका वेळ ज्याच्या डोळ्यांतून आपण शहर पाहिलं, त्याच्या आयुष्याचा निकाल लागायच्या क्षणी त्याच्याकडे एक वाक्य नसावं? याच सिनेमात आधी एक प्रसंग आहे: बोराडेच्या घरी बसून ही पोरं एकेक करून आपापली गोष्ट सांगतात. हसत सुरू होतात आणि कुठेतरी अडकतात. तिथे दिग्दर्शकाला माहीत होतं की यांना बोलता येतं. कोर्टात तो ते विसरतो, किंवा स्टारला विसरता येत नाही. 'फँड्री'तला जब्या शेवटी दगड भिरकावतो. त्याच्या वतीने कुणी निवेदन देत नाही. तो दगड आजही अंगावर येतो तो त्यामुळेच.

पोरांची गोष्ट कुणी सांगायची, हा प्रश्न पडद्याबाहेरही होता. नागपूरचा अखिलेश पॉल कमी वयात गुन्हेगारीत शिरला, फुटबॉलने बाहेर आला, आणि २०१०मध्ये रिओ द जानेरोच्या होमलेस वर्ल्ड कपमध्ये भारताचा कॅप्टन झाला. ५ ऑक्टोबर २०१४च्या 'सत्यमेव जयते'मध्ये बारसे सरांसोबत तोही देशाला दिसला. पुढे 'झुंड' बनत असताना हैदराबादच्या एका चित्रपटकर्त्याने दावा केला, की अखिलेशच्या आयुष्याच्या कथेचे हक्क माझ्याकडे आहेत. २०२०मध्ये कोर्टाने प्रदर्शनाला स्थगिती दिली आणि सर्वोच्च न्यायालयानेही ती उठवायला नकार दिला. मी इथे कोण बरोबर, कोण चूक हे ठरवत नाही. मला दिसतो तो विचित्रपणा: ज्याच्याकडे कधी घराचा कागद नव्हता, त्याच्या नावावर अखेर एक मालमत्ता निघाली, ती म्हणजे त्याचं वाईट बालपण. आणि त्यावर वकील लावून भांडायला दोन मोठ्या शहरांतली माणसं हजर.

'झुंड' संपतो विमानावर. पोरं उडतात, खाली वस्ती आणि ओलांडायला मनाई असलेली भिंत राहते. चित्र म्हणून ते जबरदस्त आहे. थिएटरात शिट्ट्या वाजतात, वाजायलाच हव्यात. फक्त एक गोष्ट त्या विमानात बसलेल्या कुणी सांगत नाही. होमलेस वर्ल्ड कपचा नियम असा आहे, की एका खेळाडूला त्यात आयुष्यात एकदाच खेळता येतं. २००३मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात ही स्पर्धा सुरू झाली. संघात मैदानावर चार जण, सात-सात मिनिटांचे दोन डाव. नियमामागचा विचार चांगला आहे. जास्तीत जास्त लोकांना संधी मिळावी, आणि ही स्पर्धा कुणाचं करिअर होऊ नये. पण आठवडाभर झेंडा छातीवर लावून खेळलेला अठरा वर्षांचा पोरगा नागपूरला परत येतो, तेव्हा पुढच्या वर्षी जायचं नसतं. विमान उडतं तसंच परत येतं. मग सोमवार उजाडतो.

या सोमवारबद्दल 'झुंड' गप्प आहे, आणि माझं त्याच्याशी खरं भांडण इथे आहे. सिनेमाने कुठेतरी थांबायचंच असतं, हे मान्य. पण ज्या दिग्दर्शकाने 'सैराट'मध्ये लग्न झाल्यानंतरचं हैदराबाद दाखवलं, भाड्याची खोली, डोसा, भांडण, पगार, बाळ, त्याला 'नंतर' दाखवता येतं हे आपल्याला ठाऊक आहे. प्रेमाच्या गोष्टीला त्याने पळून गेल्यावर संपू दिलं नाही. सुधारणेच्या गोष्टीला मात्र उडाल्यावर संपू दिलं.

हे भांडण निव्वळ कलेचं राहिलेलं नाही. 'झुंड'मध्ये बाबूचं काम करणाऱ्या पोराला सिनेमा आला त्याच वर्षी नागपुरात चोरीच्या प्रकरणात अटक झाली. ऑक्टोबर २०२५मध्ये नागपुरातच त्याचा खून झाला. विशीतलं पोरगं. बातमी फिरली तेव्हा कमेंटमध्ये दोन सूर होते. एक: बघा, संधी दिली तरी हे असेच. दुसरा: सिनेमावाल्यांनी वापरलं आणि सोडलं. दोन्ही सूर मला आळशी वाटतात. पहिल्याला पोराबद्दल काही माहिती नाही, दुसऱ्याला सिनेमाबद्दल. एक सिनेमा कुणाचं आयुष्य बांधून देऊ शकत नाही, आणि देतो असं मंजुळे कधी म्हणालेही नाहीत. पण एवढं नक्की, की त्या पोराचं 'नंतर' पडद्यावरच्या 'नंतर'सारखंच रिकामं होतं. आपण टाळ्या वाजवल्या त्या टेक-ऑफला.

मग काय दाखवायला हवं होतं? उत्तर स्लम सॉकरच्याच कामात आहे. तिथे खेळलेली काही पोरं-पोरी पुढे तिथेच कोच होतात. अखिलेशही पुढे कोचिंगकडे वळला. यात शिट्ट्या वाजवण्यासारखं काही नाही. सकाळी मैदानावर वेळेवर पोचायचं, चेंडूत हवा आहे का बघायची, दोन दिवस न आलेल्या पोराच्या घरी जाऊन विचारायचं, का बे, कुठे होता? त्या पोराच्या बापाची शिवी ऐकायची. संध्याकाळी जुने दोस्त बोलावतात तेव्हा 'उद्या सहाला ग्राउंड आहे' म्हणून उठायचं. लफड्यातून बाहेर पडलेल्या पोराला 'नाही' म्हणायला कारण लागतं, आणि 'मी आता चांगला झालोय' हे कारण चौकात चालत नाही. 'सहाला ग्राउंड आहे' हे चालतं. सिनेमातल्या डॉनला संभ्या पुन्हा पुन्हा डिवचतो तेव्हा त्याच्याकडे असं साधं कारण फार क्वचित असतं. म्हणून तर तो दर वेळी कडेलोटाजवळ जातो.

या अंगाने पाहिलं तर बोराडेची भूमिकाही बदलते. भाषण करणारा, पैसे उभे करणारा, दार ठोठावणारा बोराडे सिनेमाने भरपूर दाखवला. पण खरे बोराडे, म्हणजे पावसात डबा दिसल्यावर दुसऱ्या दिवशीही आलेले, आणि तिसऱ्या, आणि विसाव्या वर्षीही, ते एवढ्या फुटेजमध्ये थोडेच आहेत. बच्चन जेव्हा काही न बोलता मैदानाच्या कडेला नुसते उभे असतात तेव्हा ते सापडतात. त्या शॉट्समध्ये बच्चन थकलेले दिसतात, आणि मला ते फार आवडले. मास्तर थकलेला असतो.

कळमन्यात मोकळ्या जागा कमी होत चालल्यात. मार्केटच्या मागच्या पट्ट्यात ट्रक उभे राहतात, उरलेल्या जागेत लेआउट पडतात. तरी पाऊस थांबला की कुठल्या ना कुठल्या चिखलात पोट्टे खेळतातच, कधी टेनिस बॉलने क्रिकेट, कधी फाटका फुटबॉल. त्यातला एखादा मागच्या महिन्यापर्यंत आत होता, हे सगळ्यांना माहीत असतं, आणि साइड पाडताना त्याला शेवटी घेतात. पण घेतात. 'झुंड' कुणी पुढे नेणार असेल तर मला तो पोरगा बघायचाय: शेवटी निवडलेला, गोलकीपर म्हणून उभा केलेला, आणि पुढच्या रविवारीही आलेला.